पाऊणशे मैल, पाऊण तास

१९४९च्या चैत्रात साताऱ्याजवळच्या एका गावच्या यात्रेत मुख्य कुस्ती न लढताच बरोबरीत सुटली. मी साताऱ्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून तिथे हजर होतो.

कुस्ती बापू पैलवानाची होती. लढाई संपल्यावर तो पलटणीतून परतला होता आणि ही शेवटची कुस्ती, असे त्याने जाहीर केले होते. समोरचा पैलवान सांगलीचा. तो आदल्या दिवशीच रेल्वेने आला होता. जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळणार होती.

कुस्ती लावणे म्हणजे दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणे. तो मान सांगलीच्या एका कारखानदारांना दिला होता. ते स्वतःच्या लहान विमानाने येणार होते.

"अंतर किती?" संपादकांनी सकाळी विचारले.

"रस्त्याने पाऊणशे मैल. हवेतून थोडे कमी."

"वेळ?"

"पाऊण तास, असं यात्रा समिती म्हणते."

"आणि उतरायला?"

"त्याबद्दल समिती काही बोलली नाही."

पाऊण तासाचाच प्रवास म्हणून पाहुणे दुपारी जेवून, वामकुक्षी घेऊन निघाले. विमानासाठी गावामागचा माळ साफ केला होता. विमान पाहायला पंचक्रोशी त्याच माळावर येऊन बसली.

समितीचे सेक्रेटरी भोंग्यातून ओरडत होते, "माळ मोकळा करा! इमान उतरायचं हाय!"

"आवं, इमान बघायलाच आलोय की आमी," एक म्हातारा म्हणाला. "उठून जायाचं तर आलो कशाला?"

पोलिसांनी एक बाजू मोकळी केली, तोवर दुसरी भरली. विमान खाली आले, तेव्हा लोक बाजूला पळाले नाहीत. विमानाकडे पळाले. वैमानिकाने तीन घिरट्या घातल्या आणि विमान परत फिरवले.

"आलं रं, आलं!" म्हणणारे "गेलं की गड्या!" म्हणू लागले.

काही वेळाने सांगलीहून तार आली. पाहुणे आता मोटारीने निघाले होते.

बापू आखाड्याच्या कडेला लंगोट कसून बसला होता. अंगावरची माती वाळून पडत होती.

"सेक्रेटरी, अंग गार पडलं. लावा कुस्ती."

"पाहुण्यांच्या हातानं लावायची ठरलीय."

"माझं वस्ताद लावतील की!"

"पत्रिकेत नाव छापलंय पैलवान. तुमच्या वस्तादांचं न्हाई."

"मग पाहुणं येत्यात कवा?"

"पाऊण तासात," सेक्रेटरी सवयीने म्हणाले.

वाटेतल्या गावांना मोटार दिसली. विमानाने हुकलेले सगळे हारतुरे त्यांनी वेशीवेशीवर उरकून घेतले. कऱ्हाडात चहा आणि भाषण झाले.

पाहुणे पोचले तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. दिवस मावळला की कुस्ती नाही, हा त्या मैदानाचा नियम. बापू म्हणाला, "बत्त्या लावा. मी लढतो." सांगलीचा पैलवानही तयार होता. पंचांनी नियम मोडला नाही. पाहुण्यांनी दोघांचे हात हातात घेऊन वर केले आणि कुस्ती बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले.

गदा एकच होती. ती कोणाला द्यायची, यावर समिती आखाड्यातच बसली. दोघांपैकी एकाला दिली तर दुसऱ्यावर अन्याय होईल, असे ठरले. गदा पाहुण्यांना भेट देण्यात आली.

ती त्यांच्या मोटारीतून सांगलीला गेली.