फिरोजचा बिनआवाजी कॉम्प्युटर

"काका, गेम जोरात चालला पाहिजे, पन मशीन गुमान राह्यलं पाहिजे," फिरोज म्हणाला. "आवाज झाला तर मले ते घरात ठेवता येत नाई."

"म्हंजे तुले ट्रक पाहिजे, अन् तो मांजरीसारखा चालला पाहिजे," मी म्हणालो.

काउंटरवर माझी बायको सुमन सोल्डरिंग करत बसली होती. ती हसली. फिरोज हसला नाही.

ही चंद्रपूरकडच्या सिंदेवाहीची गोष्ट आहे, दोन हजार चारच्या उन्हाळ्यातली. बसस्टँडच्या बाजूला माझं दुकान होतं. मी सातवी नापास. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर जोडायला लागलो. इंग्रजी वाचता येत नव्हतं. खोक्यावरचं चित्र पाहायचं आणि अडलं की नागपूरच्या डीलरला फोन करायचा, एवढ्यावर मी शंभरेक मशीनं जोडली. बारीक काम सगळं सुमन करायची. रेडिओचं स्टेशन ती कानानं जुळवायची, मीटर न लावता. तिचा कान माझ्यापेक्षा तिखट होता, हे मला माहीत होतं. कबूल कधी केलं नाही.

फिरोजला आवाज का नको होता, ते सांगतो. त्याचे वडील करीमचाचा चाळीस वर्षं आरा मशीनवर होते. आरा मशीन म्हणजे लाकडाचे ओंडके चिरणारी करवत, दिवसभर किंचाळणारी. म्हातारपणी चाचांची याददाश्त गेली. मुलाला ओळखायचे नाहीत, पण मोटरचा आवाज ओळखायचे. कुठंही काही घुमलं की त्यांना वाटायचं मशीन सुरू झाली, आपल्याला उशीर झाला. खाटेवरून उठायचे, चप्पल शोधायचे, चालू लागायचे. शेजारच्या घरी पिठाची चक्की लागली तेव्हा असेच निघाले आणि उंबऱ्यावर पडले. कपाळाला सहा टाके. त्या दिवसापासून फिरोजच्या घरात मिक्सर लागत नव्हता, कूलर लागत नव्हता. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर दर तासाला पाणी, आणि वर हळू फिरणारा पंखा.

फिरोज सवारीची जीप चालवायचा, सिंदेवाहीपासून मूल या गावापर्यंत. वडिलांसाठी त्यानं ते सोडलं. आई नव्हती, लग्न झालं नव्हतं. चाचा नजरेसमोर पाहिजेत म्हणून दोघं एकाच खोलीत.

"पन गेमच कायले पाहिजे?" मी विचारलं होतं.

"दिवसभर एका खोलीत बसून राहा काका, मंग कळन. गाड्यांचा गेम हाय. मोठा रस्ता राह्यते त्यात. हेडफोन लावून खेळीन, गेमचा आवाज बाहेर येनार नाई. फक्त तुमचं मशीन बोललं नाई पाहिजे."

असं गिऱ्हाईक मला आवडलं. मी वही काढली.

कॉम्प्युटर आवाज करतो तो गरमीमुळे. आतले पार्ट गरम होतात, त्यांना थंड करायला फॅन लागतात, आणि फॅन बोलतात. लहान फॅनला तेवढीच हवा ओढायला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो शिट्टी मारतो. मोठा फॅन हळू फिरून तेच काम करतो. म्हणून मी कॅबिनेटला हाताच्या पंजाएवढा फॅन मागवला. प्रोसेसर त्यातल्या त्यात कमी तापणारा घेतला आणि त्यावर ॲल्युमिनियमचं जाडजूड हीटसिंक बसवलं. हीटसिंक म्हणजे गरमी पसरवणाऱ्या पत्र्यांचा ठोकळा. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, गरजेपेक्षा मोठा घेतला, कारण ताण कमी पडला की तोही कमी तापतो. हार्ड डिस्कची थरथर पत्र्याला लागून घुमते, म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून तिच्याखाली दिले. ते सुमननं कापले.

राहिलं ग्राफिक कार्ड. गेमचं चित्र तेच पळवतं. डीलरनं फोनवर दोन सांगितली. एक बिनफॅनचं, नुसत्या पत्र्यांचं, पण गेम थोडा अडकत चालणार. दुसरं तेज, पण त्यावर डबीच्या झाकणाएवढा फॅन.

"तो फॅन बोलते का?" मी विचारलं.

"ऑटोमॅटिक आहे. कार्ड थंड असलं की हळू, तापलं की जोरात. तुम्ही एवढा मोठा फॅन लावलात, ते कशाला तापतंय?"

फिरोजला रस्ता अडकत नको होता. मी तेज कार्ड घेतलं.

मशीन तयार झालं तेव्हा मे महिना भरात होता. आमच्याकडं मेमध्ये दुकान म्हणजे कूलर. खिडकीत लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर, सकाळी लावला की संध्याकाळी बंद. त्याचा घरघराट इतका की माणसं ओरडून बोलतात आणि त्यांना वाटतं आपण हळू बोलतोय. दोन दिवसांनी तो आवाज ऐकूच येत नाही. मशीन मी त्याच कूलरच्या झोतात टेबलावर ठेवलं आणि चार तास गेम चालवला. फिरोजनं कॅबिनेटला कान लावला.

"काका, हे चालू हाय का बंद?"

"चालू हाय. माह्या हातचं हाय ते," मी म्हणालो. मला लई गर्व झाला होता.

तेव्हा सुमन बोलली. "अजी, एक डाव कूलर बंद करून पाहा न. त्यायच्या घरी कूलर नाई."

"गरमीत मराचं हाय का? तू आपला रेडिओ पाहा. तुले याच्यात काय समजते?"

फिरोजनं खाली पाहिलं. सुमननं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं, मग परत उचललं आणि काम करू लागली.

मशीन फिरोजच्या घरी गेलं. तिसऱ्या दिवशी त्याचा चंद्रपूरहून फोन आला, दवाखान्यातून.

"काका, अब्बा पडले. खुब्याचं हाड मोडलं."

"कसे काय?"

"मी हेडफोन लावून खेळून राह्यलो होतो. मांगून उठले ते मले समजलंच नाई. दाराच्या पायरीवरून खाली गेले. माहीच चूक हाय काका. मी कान बंद करून बसलो होतो."

मला कळून चुकलं होतं की चाचा विनाकारण उठत नाहीत. तोंडातून शब्द निघाले ते एवढेच, "होते असं. तू धीर धर."

"ते मशीन घेऊन जा काका. चावी शेजारी हाय."

मी आणि सुमन हातगाडी घेऊन गेलो. उचलायच्या आधी मी ते तिथंच लावून पाहिलं. दुपारची वेळ, खोली भट्टीसारखी. वाळ्याचा पडदा वाळून कडक झाला होता. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग गेम लावला. थोड्या वेळानं कार्डाचा तो लहान फॅन वर चढू लागला. आधी बारीक शिट्टी, मग धारदार. करवत ओल्या लाकडात शिरते तेव्हा असाच सूर निघतो. मी आरा मशीनच्या शेजारी वाढलेला माणूस आहे, मला तो सूर सांगायला दुसरं कोणी लागत नाही.

कूलरनं मला दोन ठिकाणी फसवलं होतं. त्याच्या घरघराटात फॅनचा आवाज बुडाला, हे एक. आणि त्याच्या गार हवेत कार्ड तापलंच नाही, म्हणून फॅन जोरात फिरलाच नाही. ज्या खोलीत कूलर लागतच नाही तिथलं मशीन मी कूलरसमोर तपासलं. फिरोजनं मला सगळं सांगितलं होतं. कूलर नाही, हेही मला माहीत होतं. आणि जिनं आठवण करून दिली तिला मी गिऱ्हाइकासमोर गप्प केलं.

सुमन दारात उभी होती. तिनं शिट्टी ऐकली. मला वाटलं आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "वायर काढा, स्क्रीन माह्याकडं द्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीन मी परत जोडलं. बिनफॅनचं कार्ड लावलं. कॅबिनेटच्या मागं पत्रा कापून गरम हवेला वाट करून दिली. या वेळी कूलर बंद, दार बंद, अंगातून पाण्याच्या धारा, आणि आम्ही दोघं समोर बसून दुपारभर ऐकत होतो. मी तिला विचारलं, "येते का आवाज?" तिनं मान हलवली, नाही म्हणून. खरंच येत नव्हता. माझ्या हातून तसं मशीन नंतर कधी झालं नाही.

महिन्यानं ते घेऊन फिरोजकडं गेलो. चाचा खाटेवर होते. ऑपरेशन झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी तसंच घरी पाठवलं होतं. मी मशीन लावलं, गेम चालू केला.

"पाहा, आता बिलकुल आवाज नाई."

फिरोजनं स्क्रीनकडं पाहिलं, मग खाटेकडं. "आता आला तरी काय होते काका. अब्बाले उठता कुठी येते."

चादरीखाली चाचांचे पाय हलत होते, चप्पल शोधत असल्यासारखे.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. जिभेवर होतं. फिरोज पुन्हा म्हणाला, "मी हेडफोन लावाले नाई पाहिजे होतं," आणि मी स्क्रू पिळत राहिलो. नाव जाईल, गिऱ्हाईक तुटेल, असं काहीतरी डोक्यात होतं. दिवाळीच्या आधी चाचा गेले. मातीला मी गेलो होतो. तिथंही बोललो नाही.

सुमन दुकानात बसत राहिली. पण त्या उन्हाळ्यानंतर माझ्या कोणत्याही मशीनबद्दल तिनं आपणहून मत दिलं नाही. विचारलं तर सांगायची. मी फारसं विचारत नसे. पाच वर्षांनी काविळीनं ती गेली, आठ दिवसांत. मी दुकान बंद केलं. माझ्यानं एकट्यानं तिथं बसवत नव्हतं.

तिची तेरवी झाल्यावर मी फिरोजकडं गेलो. तो पुन्हा जीप चालवायला लागला होता, स्टँडवर सीट भरायची वाट पाहत उभा होता. मी सरळ सांगितलं. कूलर, फॅन, सुमन बोलली ते, मी तिला बोललो ते, सगळं. म्हणालो, "तुह्या हेडफोननं काई नाई झालं. चूक माही होती."

तो गडबडला नाही.

"मले माहीत हाय काका. काकू आल्या होत्या दवाखान्यात. तुमी मशीन नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

त्या दिवशी ती मला बहिणीकडं मूलला जाते म्हणून गेली होती.

"म्हनल्या, कूलर चालू होता, चूक आमची हाय, तू आपल्या डोक्यावर घेऊ नको. म्या म्हनलं, काका फोनवर काई बोलले नाई. तर म्हनल्या, ते येतीन स्वतः सांगाले. तवापर्यंत तू त्यायच्यासमोर माहीत नसल्यासारखाच राह्य."

"म्हून तू आपल्याच अंगावर घेत होता?"

"म्या म्हनलं, बोलाले वाट करून देऊ तुमाले. तुमी स्क्रूच पिळत राह्यले."

जीप भरली होती. तो वर चढला. "काकू दर ईदले विचारत होत्या, काका आले होते का म्हून."

एवढीच गोष्ट आहे. मशीन जिथं चालायचं आहे तिथंच तपासावं, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. मी सांगतो ते दुसरं. चूक झाली तर त्याच आठवड्यात जाऊन बोलावं. मी पाच वर्षांनी बोललो, तोपर्यंत वाट पाहणारं माणूस संपलं होतं.