शेवटचं पान

आमच्या वाचनालयातल्या त्या जुन्या ऐतिहासिक कादंबरीचं शेवटचं पान शालिनी तिथे नोकरीला लागण्याआधीच गळून गेलंय. तरी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका शेवट तिलाच विचारतात. काल मीही विचारलं, "वाड्यात दिवे लावणाऱ्या त्या अबोल मुलीचं पुढे काय होतं गं?"

"सरदार मोहिमेवरून परत येतो, काकू," ती मान खाली घालून म्हणाली. "ती काहीच बोलत नाही. तरी त्याला कळतं."

तेवढ्यात रोज पेपर वाचायला येणारा तरुण आला. शालिनीने त्याच्यासाठी बाजूला ठेवलेलं नवं पुस्तक पुढे केलं. तिच्याकडे न बघताच त्याने ते उचललं आणि जाताना मला म्हणाला, "येतो, काकू."

त्याला हाक मारावीशी वाटली. पण सांगणार काय? ते पान आम्हा दोघींपैकी कुणीच वाचलेलं नव्हतं.