अनवरीची अडलेली बोहनी

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात अनवरीबीकडून अंजीर घ्यायचे म्हणजे आधी तिची बोलणी खायची तयारी हवी. "दाबू नका, फळ हाये ते, मोटारीचा भोंगा न्हाई," हे ठरलेलं. ज्याला राग येतो तो पुढे जातो आणि केळी घेतो. तिला फरक पडत नाही.

तिचा नवरा सौदीला ट्रक चालवायचा. तिथल्या वाळवंटातल्या बागेतून त्यानं अंजिराची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि गावाबाहेरच्या मुरमाड तुकड्यात लावली. जिथं कापूस मान टाकतो तिथं अंजीर कसलं येतंय, म्हणून लोक हसले. पुढे नवरा गेला, झाड राहिलं. अनवरीनं त्याच्याच काड्या लावून बाग उभी केली. हसणारे आता तिच्या पाटीपुढे पिशवी घेऊन उभे असतात, आणि मला ते बघायला फार आवडतं.

फळाचे गुण ती सांगते, पण फुगवून नाही. पोट साफ राहतं, हाडांना कॅल्शियम मिळतं, थोडंफार लोह मिळतं. सुके असतील तर रात्री दोन भिजवा, सकाळी पाण्यासकट खा. वर हेही सांगते, की सुकल्यावर त्यातली साखर दाट होते, तेव्हा शुगर असणाऱ्यानं डॉक्टरला विचारावं. आपल्याच मालाचं वैगुण्य आपणच सांगणारी दुकानदारीण मी तरी दुसरी पाहिली नाही.

शेजारी दैवशालाचं लसणाचं दुकान. दोघींची जुनी रीत होती. बाजार मांडला की दैवशालानं पहिलं अंजीर घ्यायचं आणि अनवरीनं पहिला लसूण. ही बोहनी झाल्याशिवाय दोघीही तिसऱ्याला काही देत नसत.

यंदाच्या उन्हाळ्यात एका बाजाराला दैवशाला पायाला फडकं बांधून लंगडत आली.

"काय झालं गं?" अनवरीनं विचारलं.

"काटा लागल्ता. महिना झाला, भरून येईना."

"शुगरच्या गोळ्या घेऊन राह्यली ना बराबर?"

"बंद केल्या. तुझे सुके अंजीर खाऊन राह्यले, रोज मूठभर. तुझ्या कलीमनं बोर्डच लावलाय की शहागडला. वाळवंटी अंजीर खा, शुगरच्या गोळ्या सोडा." तिनं हात पुढे केला. "दे बोहनीचं."

कलीम हा अनवरीचा मुलगा. शहागडला हायवेवर ट्रकवाल्यांना तो सुके अंजीर विकतो. बोर्डाचं अनवरीला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पडला, मग लाल झाला. तिनं ओलं पोतं ओढून पाटी झाकली.

"तुला आज अंजीर न्हाई. आधी दवाखाना, गोळ्या, मंग बोहनी."

"मला माघारी लावती?" दैवशाला भडकली. "मंग बस तशीच." तिनंही लसणावर पोतं टाकलं.

झालं. भर बाजारात दोन झाकलेली दुकानं आणि मधे दोन म्हाताऱ्या, तोंडं फिरवून. गिऱ्हाईक येई, अनवरी म्हणे, "बोहनी व्हायची हाये." मग करा की, म्हटलं तर म्हणे, "ज्याची हाये त्याच्याच हातून व्हईल." मलाही तिनं असंच घालवून दिलं. ताजं अंजीर उन्हात टिकत नाही. दुपारपर्यंत पोत्याखालून आंबूस वास यायला लागला, माशा घोंगावू लागल्या. मला वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर तिचा अभिमानही वाटत होता.

तेवढ्यात कलीम मोटरसायकलवर जेवणाचा डबा घेऊन आला. "अम्मी, माल नासला. एक अंजीर देऊन टाक मावशीला, बोहनी व्हईल, बाकीचं बघू."

"बोर्ड काढून आण."

"धंदा बसंल, अम्मी."

"बसू दे. मावशीचा पाय बघ, मंग बोल."

कलीमनं फडक्यातून बाहेर आलेली सुजलेली, काळपट बोटं पाहिली. डबा ठेवून तो आल्या पावली परत शहागडला गेला.

बाजार उठायच्या बेताला तो बोर्ड घेऊन आला. अनवरीनं तो दैवशालापुढे टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे खोटं हाये. माझ्या पोरानं लिवलं. अंजीर खायची चीज हाये, गोळी न्हाई."

दैवशालानं पाटीवरचं पोतं उचललं. अंजीर फुटून एकमेकांना चिकटले होते.

"सगळे गेले की गं," ती म्हणाली.

"पुढच्या आठवड्याला झाडावर दुसरे येतील. तुझा पाय येईल का?"

दैवशाला कलीमच्या खांद्याला धरून उठली. तिघं त्याच मोटरसायकलवर दवाखान्यात गेले. एक बोट काढावं लागलं, पाय वाचला.

महिन्याभरानं दैवशाला बाजाराला आली. अनवरीसमोर गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि लहान पोरासारखा आ करून दाखवला.

"जीभ उचल," अनवरी म्हणाली.

दैवशालानं जीभ उचलली. तेव्हा कुठे एक अंजीर तिच्या हातावर पडलं. पाटीखाली कलीमचा बोर्ड अंथरला होता, अक्षरं मातीत.

"आन् दुसरं?" दैवशालानं विचारलं.

"पुढच्या बाजाराला," अनवरी म्हणाली. "गोळी घेऊन ये."