इंजिनबाई आणि तो उतार

आमची ही साठी उलटल्यावर सायकल शिकली असं लोकांना वाटतं. चूक. सायकल ती पहिल्यापासून चालवायची. साठी उलटल्यावर उतरायला तयार होईना, एवढीच माझी तक्रार. आणि साधीसुधी सायकल नव्हे. हँडल खाली वाकलेलं, टायर बोटाएवढे बारीक, सीट अशी की माझ्यासारख्याने बसावं आणि मेलेल्या आईला हाक मारावी. घट्ट विजार घालून, हेल्मेट चढवून ही बाई सकाळी उजाडताच बाहेर पडायची. मी कुलपांचा माणूस. कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या कापतो. सगळा जन्म दारं नीट बंद होतात की नाही हे बघण्यात गेला, आणि बायको मिळाली ती ही अशी, दार सताड उघडं टाकून जाणारी.

हिचं स्वतःचं काम म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणं. घरातल्या मागच्या खोलीत बसून घासायची, पुसायची, उजेडात धरून बघायची. हात स्थिर, डोकं थंड, जीभ मात्र कानस. माझं आणि तिचं दिवसातून एकदा तरी वाजल्याशिवाय आम्हाला जेवण गोड लागायचं नाही.

तिच्यासारख्याच पांढऱ्या केसांच्या चार-सहा जणांची टोळी होती. पुढारी मास्तर, म्हणजे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. समोरून वारा असला की हिला पुढे घालायचे आणि बाकीचे हिच्या आडोशाला लपून आरामात यायचे. वर कौतुक म्हणून नाव ठेवलं, इंजिनबाई. मी म्हणायचो, 'अगं, तुला चढवतायत गं ते झाडावर.' ती म्हणायची, 'अहो, चढायला लागतं हो, तुम्हाला नाही कळायचं.'

या लोकांची एक पद्धत आहे, ती आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. ते एकामागे एक असे अगदी चिकटून जातात. मागच्याला रस्ता दिसतच नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून खड्डा आला की पुढच्याने एक हात खाली सोडून बोट दाखवायचं. दुसऱ्याने ते बघून तिसऱ्याला दाखवायचं, तिसऱ्याने चौथ्याला. खूण शेवटच्या माणसापर्यंत पोचलीच पाहिजे. मध्येच कोणी खाल्ली तर त्याला दिवसभर सगळे धारेवर धरतात.

एके दिवशी सगळे टेकडीचा उतार उतरत होते. मास्तर पुढे, ही त्यांच्या मागे. वळणावर पाणी जायला रस्त्यात लोखंडी जाळी बसवली आहे. मास्तरांनी खूण केली, जाळी चुकवली, निघून गेले. हिनेही जाळी बघितली. आता शहाण्या माणसाने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरावं की नाही? पण नाही! आधी मागच्यांना सांगायला नको का? उतारावर, वेगात, वळणावर हिने एक हात सोडला, बोट दाखवलं, आणि हिचंच पुढचं चाक जाळीच्या फटीत गेलं. मागचे सगळे बाजूने सुखरूप निघाले. त्यांना खूण मिळाली होती ना!

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. खांद्याचं मोडलं. एका बाजूची कातडी सोलून निघाली. हेल्मेटची दोन शकलं झाली. ते नसतं तर मी आज हे सांगायला बसलोच नसतो. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय विचारावा या बाईने? 'मागचं कोणी पडलं नाही ना?' मी म्हटलं, 'नाही, सगळा मान तुलाच मिळाला.' आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो.

हाडात सळई घातली. घरी सोडताना डॉक्टर तिच्या समोरच म्हणाले, 'हाड जुळेल, चालायला लागाल. पण याच अंगावर पुन्हा पडलात तर मग चालणं विसरा.' मला आत कुठेतरी बरंच वाटलं. म्हटलं, चला, जे मला इतकी वर्षं सांगता आलं नाही ते यांनी एका वाक्यात सांगितलं.

घरी आल्याबरोबर मी सायकलचं पुढचं चाक काढून माळ्यावर टाकलं आणि बाकीचा सांगाडा मागच्या खोलीत कपाटाआड उभा केला. भांडणाची जय्यत तयारी होती. ती विचारणार, चाक कुठंय? मी म्हणणार, माळ्यावर, आणि तिथेच राहणार. लेकीला फोन करून आपल्या बाजूने वळवून ठेवलं होतं. लेक तर माझ्याही पुढे. म्हणाली, 'बाबा, ठेवताय कशाला? विकून टाका.'

पण हिने विचारलंच नाही. आज विचारेल, उद्या विचारेल म्हणून मी वाट बघतोय, आणि ही कपाटाकडे मान वळवूनही बघेना.

वॉकर सुटला, काठी आली. फोटो काढून डॉक्टरांनी हाड पुरतं जुळल्याचं सांगितलं. काठीही सुटायला हवी होती. पण ही भिंत सोडेना. स्वयंपाकघरात जायचं तर भिंतीला हात लावत, कडेकडेने. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहायची, कपाळावर घाम यायचा, आणि 'आज नको' म्हणून मागे फिरायची. एकदा न्हाणीघरात तिचा पाय जरासा सरकला. पडली नाही, नळाला धरलं. पण अशी किंचाळली की माझ्या हातातली कपबशी फुटली. आतून कडी. जन्मभर लोकांची दारं उघडून दिली, आणि स्वतःच्या बायकोच्या दाराशी पान्हा कुठे लावायचा तेच सुचेना. शेवटी तिनेच सरकत येऊन कडी काढली. स्टुलावर बसून दातावर दात वाजत होते तिचे. त्या दिवसापासून दार किलकिलं ठेवूनच अंघोळ.

आणि भांडण बंद. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकलं, तरी गप्प जेवली. सांगतो ना, किंकाळीपेक्षा मला त्या मिठाची जास्त भीती वाटली.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. आम्ही तिला फिजिओताई म्हणायचो. तिने एकदा मला दाराशी गाठलं.

'काका, काकूंच्या पायात ताकद आलीये. पण त्या पाय टाकायलाच घाबरतायत. असं अंग आखडून चालत राहिल्या ना, तर त्यानेच पडतील.'

'मग काय करायचं?'

'त्यांना आवडणारं काहीतरी करू द्या. काय आवडायचं त्यांना?'

'कवळ्या,' मी म्हटलं आणि तिला चपला शोधून दिल्या.

त्यानंतर मास्तर आले. हातात फळांची पिशवी, चेहरा असा की यांचंच हाड मोडलंय. मी काही त्यांना या-बसा केलं नाही. म्हटलं, 'आलात? इंजिन बंद पडलंय तुमचं, बघून घ्या.' मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, 'चूक माझी आहे हो. मी खूण उशिरा केली. मला झोप लागत नाही.' मी तोंड उघडणार, चांगली खरडपट्टी काढणार, तोच आतून आवाज आला.

'खूण वेळेवर होती, मास्तर. हात मी सोडला.'

पडल्यापासून त्या गोष्टीबद्दल तिने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मास्तर डोळे पुसत गेले. मी आत गेलो तर ही खिडकीशी बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'चाक खाली काढा.'

झालं! जे भांडण मी इतके दिवस उराशी धरून बसलो होतो ते शेवटी झालं. मी डॉक्टरांचं वाक्य ऐकवलं. लेकीचं नाव घेतलं. 'पुन्हा पडलीस तर उचलायला मी जिवंत असेन का,' इथपर्यंत गेलो. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, 'अहो, मला सायकलवर भटकायचं नाहीये. मला तो उतार एकदा उतरायचाय. नाहीतर मी अशीच भिंतीला धरून मरेन. तुम्हाला दिसतंय ना ते?'

दिसत होतं. तेच तर दुखणं होतं.

'पण पुढे मी जाणार नाही,' ती म्हणाली. 'पुढे तुम्ही चला.'

चाक माळ्यावरून काढून तिच्या सायकलला लावलं. माझ्याकडे दुकानात ये-जा करायची जुनी सायकल आहे, खडखड वाजणारी. तिच्यावर बसून मी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत हिच्याकडून शिकवणी घेतली. या वयात! हात असा सोडायचा, बोट असं दाखवायचं, आणि मुख्य म्हणजे मागे वळून बघायचं नाही. पुढच्याने मान वळवली की सायकल वाकडी जाते आणि मागचा त्याच्यावर आदळतो. 'समजलं का? काही झालं तरी मागे बघायचं नाही,' तिने दटावलं. बरेच दिवस आम्ही तिथेच गोल गोल फिरलो. ती चालवायची, पण पाठ ताठ, हाताची बोटं पांढरी पडेपर्यंत ब्रेकवर.

मग एके सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. सपाट रस्त्यावर मी पुढे, ती मागे. मी काहीही सोडलं नाही. खड्डा दाखवला, खडा दाखवला, सावली दाखवली. मागून आवाज आला, 'अहो, ते पान आहे!' आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी मी ते हसणं ऐकलं, आणि मूर्खासारखं मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

उताराच्या तोंडाशी आम्ही थांबलो. 'येतेस?' ती म्हणाली, 'हं. चला.' मी निघालो. वारा कानात शिरला आणि मागचं काही ऐकू येईना. तिच्या सायकलचा आवाज नाही, तिचा नाही. माझीच खडखड. मान वळवावीशी वाटत होती, अशी की मानेला कळ लागली. पण वळवली आणि ती माझ्यावर येऊन आदळली तर? ते वळण आलं. ती जाळी आली. मी एक हात सोडला, बोट दाखवलं, सायकल डगमगली. जाळी गेली. मागे काही आपटल्याचा आवाज आला का? आला असं वाटलं. नाही आला असंही वाटलं. पायथ्याशी पोचलो, दोन्ही पाय टेकले आणि वळून बघितलं.

रस्ता रिकामा.

सायकल तिथेच टाकली आणि पळत सुटलो. माझे गुडघे म्हणजे आधीच नन्नाचा पाढा, पण त्या वेळी गुडघे आहेत हेच विसरलो. डॉक्टरांचं वाक्य डोक्यात. मी हिला घेऊन आलो, मी पुढे गेलो, मी मागे बघितलं नाही, हेच डोक्यात. 'अगं! अगं ए!' ओरडत वर चढलो. वळणापाशी कोणी नाही. जाळीपाशी काही नाही. आणखी वर गेलो तर रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर ही बसलेली. सायकल शेजारी उभी. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

मी तिच्या समोर धापा टाकत उभा राहिलो. आधी तिला मिठीत घ्यावंसं वाटलं, मग एक ठेवून द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही, श्वासच पुरत नव्हता.

'नाही जमलं हो,' ती म्हणाली. 'निघाले, आणि हात ब्रेकवरून निघेचनात. उतरले. तुम्हाला हाका मारल्या, तुम्हाला ऐकू गेल्या नाहीत.'

'असू दे. पडली नाहीस ना, झालं तर मग.'

'तुमचंच खरं होतं. घरी चला. लेकीला सांगा, सायकल विकून टाक म्हणावं.'

बघा, हे ऐकायला मी किती तळमळलो होतो! चाक माळ्यावर टाकलं होतं ते याचसाठी. घरात बसेल, सांभाळून राहील, जिवंत राहील. आणखी काय हवं होतं मला? आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती रडतही नव्हती. न्हाणीघरातून बाहेर आली होती त्या दिवशी जसा चेहरा होता, तसाच. हे माणूस घेऊन मी घरी जाणार आणि उरलेली वर्षं याच्याबरोबर काढणार? माझं पित्त खवळलं.

'ऊठ,' मी म्हटलं.

'कुठे?'

'वर.'

'अहो, तुमचे गुडघे बघा, उभं राहता येत नाहीये तुम्हाला...'

'गुडघ्यांना काय धाड भरलीये? ऊठ म्हणतो ना! आणि या खेपेला पुढेबिढे कोणी नाही. मी वरच उभा राहतो. तू जा.'

ती उठली. सायकल मी ढकलली, ती माझ्या शेजारून चालली. मध्ये भिंत नव्हती, कठडा संपला होता, आणि तिने माझाही हात धरला नाही. वर पोचलो. सायकल उताराकडे तोंड करून धरली. ती बसली. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. बराच वेळ तशीच. खांदे वर-खाली होत होते. मला डॉक्टरांचा आवाज शब्दन् शब्द ऐकू येत होता. सीट माझ्या हातात होती. नुसती धरून ठेवली असती तरी ती म्हणाली असती, 'बरं, चला घरी.' एवढंच करायचं होतं मला.

मी हात काढून घेतला.

तिने पाय उचलला. 'थांब' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला, आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली तरी तिथेच उभा राहिलो.