भरीत खाऊन शिकारीला

सन १९३६. माझं वय अठ्ठावीस, शाळा दुसरीपर्यंत आणि अक्कल स्वतःची. आमच्या वांग्यांचं रानडुकरांनी फारसं नुकसान केलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उगाच मुक्या जनावरावर आळ नको.

भडगावच्या खालच्या अंगाला, गिरणेकाठी आमचं रान. कपाशी, दादर ज्वारी, आणि विहिरीजवळ हिरव्या वांग्यांचं वावर. एक वांगं भाजलं तर दोन माणसं जेवून उठतील, असं एकेक वांगं! त्या साली माझ्या मेव्हणीचं लग्न पारोळ्याकडे ठरलं. मी भर बैठकीत सासऱ्यांना सांगून बसलो की वऱ्हाडाचं भरीत माझ्या शेतातल्या वांग्यांचं होईल. बाहेरचं एक जरी वांगं आणलं तर मांडवात पाय ठेवणार नाही. सासरे हो म्हणाले. (जावयाला दुसरं काय म्हणणार बिचारे.)

लग्न चार दिवसांवर आलं आणि नदीकडून डुकरं उतरली. आधी शेजारच्या भुईमुगात शिरली, मग माझ्या कुंपणाशी नाक घासू लागली. दुसऱ्याच दिवशी कचेरीतले एक साहेब गावात आले. चावडीवर सगळ्या जमीनवाल्यांना बसवून त्यांनी समजावलं, की तुम्ही एकमेकांना बांधावर पाय ठेवू देत नाही, म्हणून डुकरं माजतात. शिकाऱ्यांना रान खुलं करा. जो येईल त्याला येऊ द्या.

आमच्याकडे बांध म्हणजे काळीज. माझ्याच शेजारी चुलतभाऊ नाना. आम्ही तीन वर्षं बोलत नव्हतो, कारण बांधावरच्या निंबाची सावली सकाळी त्याच्या रानात पडायची आणि संध्याकाळी माझ्या, आणि मला सकाळची हवी होती. गावात ठासणीची बंदूक एकच, ती नानाकडे. मी गप्पच बसणार होतो. पण मागून कोणीतरी पुटपुटलं, "हाऊ काय उघडी रान? याना रानमा तर चिमणीबी इचारीसन उतरस."

झालं! मी उठलो. म्हटलं, उद्यापासून माझं रान खुलं, ज्याला यायचं त्यानं यावं. साहेबांनी पाठ थोपटली. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मार्गशीर्षात आपल्या रानात आलेला माणूस भरीत खाल्ल्याशिवाय जात नाही, ही खान्देशची रीत. मी वर बोलून गेलो, "आणि शिकाऱ्याला भरीत-भाकर माझ्याकडून."

दवंडीवाला हुशार. त्यानं गावभर आधी भरीत ओरडून सांगितलं, मग दम घेऊन शिकार. पाच गल्ल्या झाल्यावर त्याला दमच उरला नाही, नुसतं भरीत उरलं. घरी आलो तर बायको सोनाबाई चुलीपुढे बसलेली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही भरीतनी दवंडी दिन्ही शे, शिकारनी नही."

मी म्हटलं, तुला राजकारभारातलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि शिकारी आले. काय सांगू! एकाकडे गोफण, एकाकडे भाला, शिंप्याकडे कात्री, शाळेच्या मास्तरांकडे छत्री. सात वर्षं खाट न सोडलेल्या एका आजीला बैलगाडीतून आणलं होतं. विचारलं, ही कशाला? तर म्हणे हाका घालायला, तिचा आवाज अजून खणखणीत आहे. (तो होता, हे नंतर वाढताना कळलं.) शेजारच्या दोन गावांचे पाहुणेही होते. आला नव्हता एकटा नाना. त्यानं निरोप पाठवला होता की दवंडी गुराढोरांना देतात, माणसाला घरी येऊन सांगतात. म्हणजे गावातली एकुलती एक बंदूक घरी, आणि गावातले सगळे दात माझ्या रानात.

उपाशी पोटी शिकार नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गेल्या सालच्या कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी भाजली, मिरची-लसूण ठेचला. दर घाण्याला कोणीतरी विचारायचं, "आबा, बस का आते?" आणि मी मिशीला हात लावून म्हणायचो, "तोडा रे! माझ्या रानात बस म्हणत नाहीत." बाभळीखालून सोनाबाई हातवारे करत होती. मी पाठ फिरवून बसलो. जेवण झाल्यावर प्रत्येकाच्या घरी कोणीतरी दुखणाईत निघालं, म्हणून चार-चार वांगी धोतराच्या सोग्यात गेली. साहेबही आले, जेवले, आणि जमीनवाल्यानं असं असावं म्हणाले.

मग जनावरं उठवायला एकदाचा हाका सुरू झाला. पत्र्याचे डबे, आजी, सगळं एकदम! दादरीतून एक डुक्कर उठलं, मास्तरांची छत्री घेऊन पळालं आणि निंबाखालून थेट नानाच्या रानात. तिकडे धडाड आवाज झाला. नाना घरी नव्हताच, आपल्या मचाणावर बसून आमची गंमत बघत होता. ज्याच्या रानात जनावर पडेल त्याचं, ही तर पूर्वापार रीत. गावानं डफ वाजवत नानाची मिरवणूक काढली. साहेबांनी त्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला, चावडीवर उभं करून सगळ्यांना सांगितलं की शिकारीला साथ देणारा जमीनवाला असा पाहिजे. त्यानं एक वीतही रान उघडलं नव्हतं!

मी वावरात आलो. नुसते देठ. सोनाबाई त्यांच्यामधे उभी होती.

"डुकरं बरा व्हतात," ती म्हणाली. "त्या तरी इचारीसन नही खातंत. आते मन्हा बापले काय सांगशात?"

परवा लग्न. वांगी विकत न्यायची तर मांडवात पाय ठेवता येत नाही, आणि मोकळ्या हातानं जायचं तर तोंड दाखवता येत नाही. जवळपास तसली हिरवी, माझी म्हणून खपतील अशी वांगी एकाच वावरात होती. निंबापलीकडे.

मागणं माझ्या रक्तात नाही. बापानं कधी आगकाडी मागितली नाही. रात्रभर कूस बदलली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच अंघोळ करून, टोपी घालून नानाच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. नाना नवा फेटा घालून मोट जुंपत होता.

मी घसा साफ केला. "नाना, साहेबनी सांगेल शे, सगळासनी आपलं रान शिकारले खुलं करानं."

तीन वर्षांनी ऐकलेलं माझं पहिलं वाक्य त्यानं नीट चघळलं. मग विचारलं, "मंग बंदूक कोठे शे तुनी?"

मी काखेतलं रिकामं पोतं झटकलं आणि त्याच्या वांग्यांत वाकलो.