इथे नावाने हाक मारू नये

परक्या मुलखात राहिलं की किस्से आपोआप साठतात. आमचे मात्र सगळे पाट्यांचे! राज्यांच्या सीमा बदलल्या आणि तुमसरच्या पलीकडची तिरोडी आम्हा लोकांना परदेशच वाटायला लागली. मी तिथल्या मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर. क्वार्टरमध्ये सोबतीला सुखदेव. त्याचा थोरला भाऊ याच खाणीवरून नाहीसा झाला होता. त्याला शोधायचं म्हणून तर गड्याने ही नोकरी धरली होती.

* * *

बाजाराजवळच्या विहिरीवर पाटी होती, 'कुएँ में झाँकना मना है'. बायका तोंड फिरवून पाणी शेंदायच्या. आम्हाला हसू आवरेना.

"बादली भरली हे कळते कसं, मावशी?"

"हाताले वजन लागते ना! तुमी पाह्यलं तर तोही पाह्यते."

'तो' कोण, हे विचारायला आम्ही थांबलोच नाही.

* * *

कटंगीच्या रस्त्याला ऐन जंगलात पाटी, 'यहाँ सवारी न लें'. भरदुपारी तिच्याखाली एक माणूस हात दाखवत उभा. आमच्या बसच्या ड्रायव्हरने उलट स्पीड वाढवला!

"अहो, माणूस उभा होता!" मी ओरडलो.

"हौ जी. म्हणूनच तर नाही थांबलो," कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाला.

सुखदेव मागच्या काचेला चिकटला होता. "आमच्या दादावानीच उभा होता रे," म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

* * *

बंद पडलेल्या भुयाराच्या तोंडावर पाटी होती, 'यहाँ नाम लेकर न पुकारें'. तिथे मजूर एकमेकांना शिट्टीनेच बोलवत. दादा शेवटचा तिथंच दिसला, असं सुखदेवला कोणीतरी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत तो तडक निघाला. मागोमाग मी आणि आमचा मुकादम.

"पाटी वाचली ना, बाबू?" मुकादमाने हटकलं.

"थोरल्या भावाचं नाव घेते का कोणी? मी तर दादाच म्हणतो!" असं म्हणून तो आत वाकून ओरडला, "दादाऽऽ!"

काहीच नाही. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

मग आतून सावकाश आवाज आला, "हौ रे सुखदेव, येऊन राह्यलो!"

मुकादम पळाला. मी सुखदेवला हात धरून ओढलं. त्याने हात सोडवून घेतला, शर्टाची बटणं नीट लावली आणि तिथंच खाली बसला.

"तू जा," तो म्हणाला. "येऊन राह्यला ना तो!"