मोहफुलांचा उभा तक्ता

आमच्या संस्थेत आडवे तक्ते उभे करणारा माणूस म्हणजे मी. नातेवाइकांनी कामाचं विचारलं की मी हेच सांगतो आणि ते विषय बदलतात.

त्या उन्हाळ्यात मोहफुलांचा तक्ता आला. गावोगावचे कार्यकर्ते मोबाइलवरून भरून पाठवायचे: डावीकडे गावं, वर एकापुढे एक तारखा, आणि चौकटीत त्या दिवशी माणशी किती किलो मोह वेचला तो आकडा. वाघाच्या भीतीनं जिथे वेचणी थांबली असेल, त्या गावांसाठी वनखात्याकडे गस्तीपथक मागायचं होतं. ती गावं कोणती, हे माझा नकाशा सांगणार होता.

असा लांबलचक तक्ता दिसला की माझे हात शिवशिवतात. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखांचे रकाने निवडले, 'अनपिव्होट' दाबलं, आणि सगळा आडवा पसारा उभा राहिला: गाव, तारीख, किलो. सरासरी काढली, नकाशा रंगवला: वेचणी जास्त तिथे हिरवा, कमी तिथे लाल. सगळ्यांत गडद हिरवं आलं ते सिंदेवाहीकडचं माझंच गाव. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना, म्हणून मायला फोन लावला.

"माय, मोह वेचण्यात आपलं गाव पहिलं आलं!"

"काऊन रे, उन्ह लागलं काय तुले? मोहाले कोणी जाऊनच नाई राह्यलं. तळ्यापाशी वाघ हाय. दवंडी झाली ना गावात."

मी मूळ तक्ता उघडला. आमच्या गावची ओळ जवळजवळ कोरी. आमच्याकडे शून्य म्हणजे जंगलात गेलो आणि हात हलवत आलो. कोणी गेलंच नाही, तर तिथे काहीच लिहीत नाहीत. हे मला जन्मापासून माहीत. अनपिव्होट करताना कोऱ्या चौकटी गुपचूप गळून पडतात आणि सरासरी उरलेल्या दिवसांचीच निघते, हे नोकरी लागल्यापासून माहीत. दोन्ही एकाच वेळी आठवण्याइतकी अक्कल मात्र नव्हती.

पण ओळीत दोन आकडे होते, आणि चांगले घसघशीत.

"मग दोन दिवस कोण गेलं होतं?"

"मीच गेली होती. झाडाखाली सडा पडून राह्यला होता बापा, वेचाले कोणी नाई. टोपली भरूभरू आणली."

माणशी किलो म्हणे! माणूस एकच, आणि ती माझी माय. मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला हवं होतं ते स्वतःवर, कारण माझ्या नकाशाप्रमाणे पथक सगळीकडे गेलं असतं, फक्त तिच्याकडे नाही.

मग आधी कोऱ्या चौकटींत शून्य भरलं आणि तक्ता पुन्हा उभा केला. गाव धाडकन तळाला जाऊन लालभडक झालं. वरिष्ठांना नवा नकाशा देताना चूक सॉफ्टवेअरची असल्यासारखा चेहरा करायला मी विसरलो नाही. पथक येईपर्यंत मात्र रोज पहाटे मायला फोन करून ती घरातच असल्याची खात्री करून घेत होतो.

पथक गावात पोचलं त्या दिवशी तिचाच फोन आला.

"आज सारं गाव आलं होतं वेचाले. माही टोपली अर्धीच भरली. तुहा पहिला नंबर गेला वाटते."

"गेला," मी म्हटलं. ती अर्ध्या टोपलीबद्दल कुरकुरत राहिली, आणि मी डोळे पुसत ऐकत राहिलो.